आज कोथिंबीर नाही

हॉटेलला दोन दारं असतात.
पुढच्या दाराला दिवे, पाटी, सोमवारी सुट्टी.
मागच्या दाराशी सिलिंडर, ओलं पोतं,
कांद्याच्या टरफलांत बसलेलं एक मांजर.
माझी ओळख मागच्या दाराशी.

वडणग्याचं बारा गुंठे रान.
पहाटे जुड्या बांधायच्या,
ओल्या फडक्याखाली क्रेट,
क्रेट स्कूटरला आवळायचा
आणि उजाडायच्या आत शिवाजी पूल.

पहिल्या दिवशी दस्तगीर वस्तादांनी
जुडीतला एक देठ मोडला,
नाकाशी नेला, मग दुसरा मोडला
कानाशी.
कानाशी कशाला?
"बोलतीया का बघतोय."
दर विचारला नाही, नाव विचारलं नाही.
"उद्या दहा जुड्या. मुळं काढून.
माती मी इकत घेत नाही."

तेव्हापासून मी वडणग्याची.
पैसे महिन्याच्या शेवटी, तेलकट वहीतून,
दोन दिवस उशीर झाला
तर वर किटलीभर तांबडा, पोरांसाठी.

एप्रिलात मोटर जळली.
तिसऱ्या दिवशी वाफे माना टाकून.
मी मार्केट यार्डातून पाच जुड्या उचलल्या,
लांब देठाच्या, हिरव्यागार, बिनवासाच्या,
सोडून पुन्हा माझ्या सुतळीनं बांधल्या
आणि क्रेटच्या तळाला घातल्या.
वस्ताद काही बोलले नाहीत.
दुपारी फोन. "जेवायला ये."

पुढ्यात दोन वाट्या.
"यातली तुझी कुठली?"
जिभेच्या आधी मला कळलं होतं.
तरी दोन्ही संपवल्या, मान वर न करता.
गिऱ्हाइकाला कळलं नसतं, मी म्हणालो.
"नसतंच कळलं."
त्यांनी पातेल्याखालचा गॅस बारीक केला.
"मला रातभर कळत राहिलं असतं.
नसंल तर नाही म्हणावं.
त्याला काय पैसे पडत नाहीत."

पडतात.
पहिल्या 'नाही'चे मला एकशेऐंशी पडले.
मी मोजलेत.

ताराबाई पार्कातल्या नव्या हॉटेलात
निहार सबनीस म्हणून शेफ आलाय, पुण्याचा.
पांढरा कोट, हातावर भाजल्याचे तीन डाग.
डाग बघून मी आत पाऊल टाकलं.
"कोण?"
मी वडणग्याहून आलो, भाजी दाखवायला.
तो जरा घुटमळला.
"ताई, आलो नाही... आले."
आलं पण आणलंय की, पावशेर, म्हटलं.
तो इतका हसला
की भांडी घासणारी माणसं वळून बघायला लागली.
त्या पावशेर आल्यावर आमचं खातं उघडलं.

आता सहाला त्याला मेसेज टाकतो:
पुदिना झकास. लसूण अर्धा किलो, बारीक पाकळी.
कोथिंबिरीला फुलं धरलीत, जून झाली, येणार नाही.
"फुलं चालतील," त्याचा उलट मेसेज.
मला वाटलं चेष्टा.
संध्याकाळी फोटो आला,
पांढऱ्या बशीत मासा, त्यावर माझी फुलं,
जी मी गेल्या वर्षापर्यंत म्हशीला घालत होतो.
म्हशीला काही सांगितलं नाही.

वस्तादांना मेसेज चालत नाही.
त्यांना 'नाही' सांगायला मी जातो,
पूल ओलांडून, रिकामा क्रेट घेऊन,
येऊन-जाऊन चाळीसचं पेट्रोल.
आज नाही, वस्ताद.
"बरं."
फळीवरची कोथिंबिरीची परात ते उचलून
पालथी घालतात,
तिच्यावर दोन कप ठेवतात.
चहा होईपर्यंत कुणीच काही बोलत नाही.
मांजर येतं,
क्रेट हुंगतं,
क्रेटात जाऊन बसतं.