भरतीचा तक्ता

कागदाच्या माथ्यावर लिहिलंय: भरती, रविवार, सायंकाळी सहा.
नाव ओतिल्या कार्कामो. वय एकसष्ट. गाव चिलोए बेटावरचंच,
कास्त्रोपासून दोन बोटी पलीकडे.
खाली छापील पट्टी, शून्य ते दहा,
शून्याशी हसरा चेहरा, दहाशी रडका.

"ओतिल्याबाई, आत्ता किती?"
ती खिडकीकडे बघते.
उतारावर, लाकडी खांबांवर उभ्या घरांच्या पायांत
पाणी आहे की चिखल, ते इथून दिसत नाही.
तिला कळतं.
"ओहोटी लागलीय. पहाटे परत चढेल."
मी चार लिहिते.
पहाटे आठ.

सिस्टर बार्रिया वर्गात म्हणायच्या,
दुखणं ज्याचं त्याला मोजू द्या,
तुमची फूटपट्टी खिशात राहू दे.
परीक्षेत हेच लिहून मी पैकीच्या पैकी मिळवले.
पण सोमवारी कापलेला, पिशवीत घालून,
सही-शिक्क्यानिशी तळघरात पाठवलेला पाय
गुरुवारी गारठू शकतो,
हे कुणी विचारलं नव्हतं.

"डावी बोटं बधिर झालीत गं. बुटात पाणी शिरलंय."

चादर तिथे सपाट आहे.
मी इंजेक्शन भरते, देते, वेळ टाकते: दोन वाजून दहा.
मग – कसं सांगू –
त्या सपाट जागेवर घोंगडी पांघरते, कडा खोचते,
टाच असते तिथे जरा जास्त.
"हं," ती म्हणते. "आता बरं."
इंजेक्शनला रकाना आहे. घोंगडीला नाही.

दुसऱ्या पानावर एक प्रश्न असतो:
स्वतःविषयी एका वाक्यात सांगा.
"मी शिंपले काढते."
आधीच्या पाळीतल्या कुणीतरी लिहून ठेवलंय:
रुग्ण शिंपले काढायची.
एवढ्याशा फरकावर मी पेन टेकवून बसले,
शाईचा ठिपका पसरेपर्यंत.
काढते. काढायची.
पाय करवतीनं गेला होता.
हे नुसत्या व्याकरणानं गेलं असतं.
मी खोडलं, वर्तमानकाळ लिहिला, शेजारी सही केली.
सकाळी बोलणी खाल्ली. नोंदीत खाडाखोड चालत नाही.

पलंगाखाली तिचे रबरी बूट आहेत, दोन्ही.
मुलगा, एलीसेर, काल एक घरी न्यायला निघाला.
दारापर्यंत गेला डावा हातात धरून,
मासळीसारखा, जरा लांब.
तिथेच थांबला.
परत येऊन त्यानं तो उजव्याशेजारी ठेवला,
टाचा जुळवून,
आणि आईकडे न बघता बोटीच्या वेळा सांगत राहिला.

आज माझी सलग सातवी रात्र.
किल्ल्यांचा जुडगा तीनदा मोजला.
खाटा बारा, मी एक, खिशात थरथरणारा फोन
आणि फोनमध्ये घरमालक.
दातांवर दात इतके घट्ट की कानशिलं ठणकतात.
याचंही एक प्रकरण होतं पुस्तकात, शेवटून दुसरं,
सुट्टीच्या आधी घाईत उरकलेलं.

"तुझं किती?"
अंधारातून ओतिल्यानं विचारलं.
"माझं काय? शून्य."
"पोरी, चाळीस वर्षं बंद शिंपले उघडलेत मी.
बस खाली."

खुर्ची नव्हती. पलंगावर रिकामी जागा एकच,
तिच्या डाव्या पायाची.
"तुम्हाला दुखेल."
"दुखेलच. बस."

बसले. अगदी कडेला,
टाच असते तिथे भार न देता.
खाली खांबांशी पाणी वाजायला लागलं होतं.
तिनं आपणहून आकडा सांगितला, सहा,
आणि मी तो लगेच लिहिला नाही.