नेक्स्ट फ्रायडे

मेसेज मंगळवारी आला, इंग्रजीतून :
वुई विल कम नेक्स्ट फ्रायडे.
खाली जोडलेले हात आणि एक गुलाब.

आमच्या जालन्याच्या घरात
त्या एका शब्दावर तासभर खल.
अण्णा म्हणाले, नेक्स्ट म्हणजे पुढचा.
आज मंगळवार, पुढं कोण उभाय? शुक्रवारच ना?
सुधामामी म्हणाल्या, मग 'धिस' कशाला ठेवलाय इंग्रजांनी?
येतो तो धिस,
त्याच्या पाठचा नेक्स्ट, पाठच्या भावासारखा.
अण्णांना मामींचं पटत नाही, पटलं तरी.

त्यांनाच विचारा की, मी म्हटलं.
"मुलीकडच्यांनी? इंग्रजी येत नाही म्हणतील."

म्हणून त्या शुक्रवारी अर्धा किलो पोहे भिजले,
वाघमोड्यांकडून दोन खुर्च्या आल्या.
साडेचार. पावणेपाच. सव्वापाच.
सहाला वाघमोडे स्वतःच आले,
आपल्याच खुर्चीवर बसून
दोन बशा खाऊन गेले.

मी बियाण्यांच्या कंपनीत उगवण मोजते.
ओल्या कागदात शंभर दाणे, गुंडाळी, वर तारखेची चिठ्ठी.
मुगाची पहिली मोजणी पाचव्या दिवशी,
शेवटची आठव्या.
वार लिहायला रजिस्टरात रकानाच नाही.

पुढच्या शुक्रवारी
बोटांना कागदाचा ओला वास घेऊन घरी आले
तर दाराशी चार जोड अनोळखी चपला.
आत अण्णा सांगत होते, पोहे आत्ता होतील,
आणि घरात पोहेच नव्हते.
मामी माझ्याकडं बघत होत्या
खटला जिंकल्यासारख्या.

आम्हाला गच्चीवर पाच मिनिटं मिळाली.
तो नांदेडचा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.
मी पहिलंच विचारलं, नेक्स्ट म्हणजे कोणता?
तो हसला नाही.
"मेसेज ताईनं लिहिला.
मी नुसता गुलाब टाकला."

खालून हाक आली.
"तुमचं कधी कळेल?"
आठ दिवसांनी, मी म्हटलं.

इंग्रजांचे सात, आपले आठ;
ज्या दिवशी उभे असतो
तोही आपण हिशेबात धरतो.

जिना उतरताना तो अंगठ्यानं
पेरं मोजत होता.
आजचा धरून की सोडून,
विचारलं नाही त्यानं.
विचारलं असतं तरी काय सांगणार?

सकाळीच नवे मूग लावून आले होते.