चार अंश

सातवीत शेंडगे सरांनी जगाचा नकाशा टांगला.
खालची पट्टी निसटलेली, म्हणून अंटार्क्टिका
कायम गुंडाळीत.
छडीचं टोक फिरवत म्हणाले,
"समजा, कुणी उचलून नेलं. कुठलं हवामान घ्याल?"
घ्याल म्हणाले,
जणू डफळापूरच्या बाजारात दोडकी निवडतोय आम्ही.

दऱ्याप्पानं विषुववृत्त घेतलं. रोज चारला पाऊस,
टँकरमागं पळायला नको.
शहनाज मुलाणीनं भूमध्य सागर:
उन्हाळा कोरडा, पाऊस थंडीत, आणि धड्यात
द्राक्षाचं चित्र. तिच्या वडलांची बाग
त्याच साली दावण्यानं गेली होती.
मागून कुणीतरी वाळवंट म्हणालं
आणि सगळा वर्ग हसला,
खिडकीबाहेर ते होतंच की.

मी म्हणाले, टुंड्रा.
का, ते सांगता आलं नाही.
शब्द जिभेला गार लागला, एवढंच.
"तिथं झाड उगवत नाही, पोरी."
"हितं तरी कुठं," मी म्हणाले,
आणि छडी बसली नाही
याचं अजून नवल वाटतं.

आता मी टुंड्रातच असते. आठ ते आठ.
तासगाव रोड, कोल्ड स्टोरेज, चेंबर नंबर तीन.
बेदाण्याचे बॉक्स पार छतापर्यंत,
तापमान चार अंश,
दर दोन तासांनी वहीत लिहायचं.
एप्रिलात बाहेर एक्केचाळीस.
मधे फक्त रबरी पट्ट्यांचा पडदा.
दिवसातून तीस वेळा मी देश बदलते
स्वेटर घालून.
हमाल हसतात, वैशाखात कानटोपी!
ओठ फुटतात. डावा गुडघा बोलतो.
नवरा म्हणतो, तुझ्या हातांना बारा महिने पौष.

बेदाण्याचं बरं असतं.
वाळताना त्याला कोरडा वारा हवा,
ढग नको, दव नको,
एक अवकाळी सर आली की रॅकवरच काळा पडतो.
वाळला की तोच अंधार मागतो, आणि चार अंश.
त्याची आवड सांभाळायला माणसं पगारावर आहेत.
त्यातली एक मी.

गेल्या चैत्रात शेंडगे सर आले,
भाच्याचे ऐंशी बॉक्स टेम्पोत घेऊन.
एका कानात यंत्र, पायात त्याच करकरत्या वहाणा.
माझं नाव आठवेना त्यांना. "टुंड्रा ना गं तू?"
म्हटलं, सर, तुमचं तुम्ही कधी सांगितलंच नाही.
सर चक्क लाजले.
"मला? धुकं. आपलं लंडनसारखं.
नकाशाभर हिंडलो छत्तीस वर्षं,
मिरजेच्या पलीकडं काय गेलो न्हाई."

आदल्या रात्री अवकाळी शिंतडून गेला होता,
हवा दमट, चिकट.
मी पट्ट्या दोन्ही हातांनी बाजूला धरल्या.
बाहेरची हवा आत घुसली
आणि उंबऱ्यावर पांढरं, गुडघाभर धुकं उठलं.
सर त्यात जाऊन उभे राहिले.
आधी वहाणा गेल्या, मग धोतराचा काठ.
मी माझी शाल त्यांच्या खांद्यावर टाकली, त्यांना कळलंही नाही.
काटा चढत होता, पाच, साडेपाच, सहा.
मालक कावणार हे ठाऊक होतं.
वहीत मी चारच लिहिलं.

मग म्हणाले, "बास. चल, उन्हात बसू."

वजनकाट्याच्या कट्ट्यावर बसलो.
दगड तापलेला. ऊब आधी तळव्यांत,
मग पोटऱ्यांत, मग त्या बोलक्या गुडघ्यात,
बोटं एकेक करून परत माझी झाली.
हे दहा मिनिटं टिकतं. मग ऊन पुन्हा ऊन होतं.
पण ती दहा मिनिटं, सर,
नकाशात त्यांना रंग नाही, धड्यात नाव नाही,
मला ती हवीत, दुसरं काही नको.

असं सांगणार होते.
सर तोवर उठून
टेम्पोची सावली शोधत होते.