श्वास रोखा

कुमुदनं टक्सनहून पाठवलं ते:
लाल प्लास्टिकचं फूल, त्यावर उलटी काचेची बाटली.
सोबत चिठ्ठी. चार वाट्या पाणी, एक वाटी साखर,
उकळून गार कर, रंग घालू नकोस.
तिच्या अंगणात म्हणे दिवसाला तीस-तीस येतात,
अंगठ्याएवढे,
हवेत खिळा ठोकून टांगल्यासारखे थांबतात.
फोनवर मी म्हटलं, अगं, ते आपल्याकडे नसतात.
ती म्हणाली, मग जे असतील त्यांना दे.

आपल्याकडे शिंजीर.
प्रतापनगरच्या या गॅलरीत, कुलरच्या पाठीशी,
खशीचा ओला वास, सकाळी साडेसहालाच तापलेली जाळी,
आणि मी स्टुलावर,
बर्डीवरून घेतलेला जुना कॅमेरा गुडघ्यावर.
दुकानदार म्हणाला होता, मॅडम, या वयात?
मी म्हटलं, बापू, एकतीस वर्षं फोटोच काढले,
फक्त आतून.

मेडिकलची एक्स-रे खोली, नंबर चार.
छाती पुढे. खांदे सैल.
श्वास घ्या. रोखा. हलू नका.
सोडा.
दिवसाला साठ छात्या, कधी नव्वद.
डार्करूमच्या लाल दिव्यात
ट्रेमधून हळूहळू वर यायच्या बरगड्या.
लाल म्हटलं की मला अजून तेच आठवतं,
फूल नाही.

पहिल्या आठवड्यात मुंग्या आल्या.
दुसऱ्या आठवड्यात एक बुलबुल,
बाटलीवर बसून झुलला, चव पाहिली नाही, गेला.
खालचा नयन इंगोले रोज विचारायचा,
आला का बे तुमचा पक्षी?
बोकडेबाई म्हणाल्या, साखर कशाला वाया घालवून राहिल्या,
समोरच्या आंब्यावर बांडगूळ माजलंय,
तिथंच तर पडलेले असतात दिवसभर.
खरं होतं ते.
नर तिथंच होता, निळाजांभळा, उन्हात तेल सांडल्यासारखा,
कर्कश, चिडका,
खाली उभ्या स्कूटरच्या आरशात स्वतःशीच भांडणारा.
त्याचे चाळीस फोटो काढले.
चाळीसांत आरसा स्वच्छ आला.

मग एका मंगळवारी, दूधवाला जिना उतरत असताना,
ती आली.
मादी. मळकट हिरवी, पोटाशी हळदीचं बोट पुसल्यासारखी.
तिची वाट कुणी पाहत नव्हतं,
मीही नाही.
फुलावर बसली नाही. फुलापुढे
हवेतच थांबली,
हलतहलत स्थिर,
तिच्या पंखांचा वारा माझ्या चष्म्याला लागला असं वाटलं,
लागला नसेल.
तोंडातून सवयीनं निघालं, रोखा.
तिनं कशाला रोखावा?
मीच रोखला.

छातीत काहीतरी मोजत होतं,
एक, दीड, अन् मग गॅलरी रिकामी.

फोटोत पंख नाहीत.
चोच आहे, बाकदार, बाटलीपासून बोटभर दूर,
एक डोळा आहे,
आणि दोन्ही बाजूंना धूर,
जसा हललेल्या पेशंटच्या फिल्मवर असायचा.
अशी फिल्म आली की मी म्हणायचे, पुन्हा घ्यावा लागेल.
भिवापूरचा एक म्हातारा होता, श्वास रोखताना हसूच यायचं त्याला.
तीन प्लेटा वाया गेल्या.
तिसरीवर त्याच्या हृदयाची कड दुहेरी आली होती.
ती मी टाकून दिली.
का आठवावं ते आता?

कुमुदला पाठवला फोटो.
तिचं उत्तर: छान! पण पक्षी कुठाय?

मी मोठा करून पाहिला. मग अजून मोठा.
पुन्हा घेणार नाही.

जून लागेल, नराचा रंग उतरत जाईल,
गळ्याखाली एक काळी रेघ तेवढी उरेल,
बोकडेबाई विचारतील, दुसराच आला का?
बाटली तिसऱ्या दिवशी धुवावी लागते, नाहीतर आंबते.
आज तिसरा.
नयन जिन्यातूनच ओरडतोय.
मी ओठांवर बोट ठेवते,
तो थांबतो,
एका पायावर, श्वास रोखून,
कुणीच आलेलं नसताना.