इतर हक्क

बक्स्टनला चुन्याच्या खाणी.
बाप भट्टीवर, पोरं गॅरेजात,
म्हणून बँडचं नाव क्विकलाइम. कळीचा चुना,
पाणी पडलं की खदखदतो.
आणि या गावात पाणी पडायचं थांबत नाही.

खरे अल्बम तीन.
निवडक गाण्यांचे संग्रह, हा धरून, चार.
जेवण थोडं, ढेकर फार.

हार्डविक स्ट्रीटवर, चिप्सच्या दुकानावर, आमचं ऑफिस.
कव्हरच्या आतला बारीक मजकूर मी लावते:
कुणी काय वाजवलं, कुठल्या साली, कुणाच्या जागी.
सहा पॉइंट, काळ्यावर करडा.
कुणी वाचत नाही. चुकलं तर मात्र
चेस्टरफील्डहून एक गृहस्थ पत्र पाठवतात,
पाकिटावर तिकीट अगदी काटकोनात.

माझे वडील पलूसला तलाठी होते,
म्हणून मला ही यादी वाचता येते.
ड्रम्स: क्लाइव्ह हॅलम, शहाऐंशी ते एकोणनव्वद. कंस.
(कंस म्हणजे नाव दिसतं, हक्क उरत नाही.)
ट्रेव्हर हीथकोट, लग्न ठरलं, कंस.
इमॅन्युएल ओसेई, स्टॉकपोर्टचा, सगळ्यांत वेगवान,
डाव्या मनगटात आता दोन स्क्रू, कंस.
गिटारवर बॅगशॉ बंधू.
आधी दोघं, मग एक,
मग त्या एकाचा वकील.
गायक डंकन वाइल्डगूज
तीनदा गेला, दोनदा परतला.
बेसवर क्रूचा टोमाश;
पहिला अल्बम आला तेव्हा त्याचे आईबाप
एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हते.
मूळ खातेदार आज एकही नाही.
नाव तेवढं चालू. नावावर टी-शर्ट.

जुन्या टेप पहिल्या कंपनीकडे अडकल्या.
मॅनेजरनं बँडला चुना लावला
(हा विनोद मराठीतच होतो,
ऑफिसात मी एकटीच हसले),
म्हणून दुसऱ्या संग्रहासाठी तीच गाणी
नव्या माणसांनी पुन्हा वाजवली,
तिसऱ्यासाठी त्याहून नव्यांनी.
तोच वेग, त्याच ठेचा,
दुसऱ्याच्या बोटांना.

काल हेडफोन लावून
‘भट्टी’ हे गाणं चारही संग्रहांतून ऐकलं, ओळीनं.
गिटार वेगळी. गळा वेगळा.
ड्रम तर डोळे मिटूनही सांगता येतात,
हॅलम ढकलतो, हीथकोट मोजतो, ओसेई उडतो.
पण दोन मिनिटं एकेचाळीस सेकंदांवर
सगळं एकदम थांबतं
आणि एक बाई ओरडते,
‘क्लाइव्ह, चहा गार होतोय!’

इथं चहा म्हणजे रात्रीचं जेवण.
फेअरफील्डचं गॅरेज, शहाऐंशीचा मार्च,
कुणीतरी दार लावायला विसरलेलं.
नंतरचे ड्रम आधीपेक्षा भराभर,
भूक लागल्यासारखे.

नव्यांनी गाणं नवं वाजवलं,
हाक मात्र जुन्या कॅसेटवरून कापून डकवली,
दर वेळी.
न डकवून सांगता कुणाला?
शेफील्डला सातशे माणसं, काळे शर्ट, टकलं, दाढ्या,
एका सुरात क्लाइव्हला जेवायला बोलावतात.

क्लाइव्ह मॅटलॉकला कार्पेटं बसवतो.
फोन केला तर म्हणाला, मॉरीन.
बराच वेळ मागं स्टेपलगन वाजत राहिली,
मग म्हणाला, हॅलममध्ये दोन एल.

सातबाऱ्यावर एक रकाना असतो,
इतर हक्क.
पीक त्यांचं नाही, जमीन त्यांची नाही,
पण विहिरीवर एक पाळी, बांधावरून जायची वाट,
कुणाची आई, कुणाची बहीण.
लोक डावीकडचं वाचून कागदाची घडी घालतात.
बाबा तिथं बोट ठेवून थांबायचे.

शेवटच्या ओळीत, बॅगशॉच्या वकिलाच्या वर,
मी लावलं:
हाक – मॉरीन हॅलम. सर्व आवृत्त्या.
सहा पॉइंट. कंस नाही.

प्रूफ बुधवारी गेलंय.
अजून कुणी काही बोललेलं नाही.