काटा आहे का बघ

हिरव्या मिरच्या, लसूण, मीठ, कोथिंबीर,
दगडी खलात अजिका कुटत होते
आणि एकदम वाटलं, कोथिंबीर रागावलीय.
वास तोच, पण नासका, नाकात चढणारा.
बघते तर बत्त्याखाली एक ढालकिडा,
वाळल्या पानाच्या रंगाचा, चपटा झालेला.
अख्खा खल कोंबड्यांपुढे ओतला.
कोंबड्यांनीही तोंड फिरवलं.

त्सिआला कुंपणावरून म्हणाली, रॉकेल शिंपड.
त्सिआलाला सगळ्यावर रॉकेल सुचतं,
गुडघेदुखीवरसुद्धा.

मी मामुकाला फोटो पाठवला.
तो पोझनानजवळच्या गोदामात खोक्यांना चिकटपट्टी लावतो.
शेतकी कॉलेजची दोन वर्षं झाली होती त्याची,
तिसऱ्याची फी हेझलनटवर ठरली होती,
आणि त्या साली फोडावं ते कवच आत पोकळ,
नाहीतर कडू.

रात्री अकराला उत्तर आलं:
मिशांवर पांढरे पट्टे आहेत का? पोटाच्या कडेला?
आता उलटा कर. पोटाखाली काटा आहे का बघ.
काटा असेल तर तो आपल्याकडचाच, जुना. सोडून दे.
नसेल तर लांबून आलेला.
त्याला साबणाचं पाणी.

एकतीस वर्षं झुगदिदीच्या टपालात काढलीत मी.
पावसात विरघळलेले पत्ते वाचलेत,
अक्षरावरून माणूस सांगितलाय.
टपालातलं भिंग काढलं, चुलीपाशी बसले,
एकेकाला उताणा करून
काटा शोधला.
गेल्या आठवड्यात बादलीत बुडवलेले अकरा,
त्यांत आपल्याकडचे किती होते
कोण जाणे. त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

आता पहाटे जाते, दव असताना.
गारठ्यात त्यांना उडायचं सुधरत नाही.
झाडाखाली जुनी चादर, फांदीला एक हिसका,
टपटप पडतात, मेल्याचं सोंग घेतात.
घेवड्याच्या पानामागे अंडी असतात, फिकी, मण्यांसारखी,
मोजली की बहुतेकदा अठ्ठावीस.
तो म्हणाला होता, अंडी काळपट पडलेली दिसली
तर ते पान तोडू नकोस,
आत दुसरंच कुणीतरी वाढतंय. गांधीलमाशीच्या जातीतलं,
टाचणीच्या टोकाएवढं. ते आपल्या बाजूचं.
म्हणून एका पानाला मी लाल दोरा बांधलाय.
त्सिआला विचारते, नवस केलास का?

खरं सांगायचं तर
आता मला डोळे मिटूनही ओळखता येतो.
तरी फोटो पाठवते. कधी मुद्दाम हलवून काढते.
पगार मिळाला का, जेवलास का, परत कधी येतोस,
असलं विचारलं की तो एका शब्दात आटपतो.
किड्याचं विचारलं की लिहीत सुटतो.
मिशा. पट्टे. काटा. पहिल्यापासून सगळं,
मला काहीच ठाऊक नसल्यासारखं.
त्यालाही कळलं असणार.

ऑक्टोबरात ते घरात शिरले.
पडद्यांच्या चुण्यांत, घड्याळामागे,
आणि मामुकाच्या खोलीतल्या कोटाच्या बाहीत,
एकमेकांना चिकटून, थंडी काढायला.
कोट अंगणात नेऊन झटकला. मोजले नाहीत.
त्याचा फोटो नाही पाठवला.

आणि काल, पहिल्यांदाच, तिकडून फोटो आला.
वसतिगृहाची खिडकी, काचेबाहेर बर्फ,
आतल्या चौकटीवर एक तपकिरी ठिपका.
देदा, हा कोण?

चष्मा पुसला. फोटो मोठा केला.
आमच्याकडे आईसुद्धा लेकराला 'देदा'च म्हणते,
हाक जशी येते तशीच परत जाते.

मी लिहिलं: उलटा कर. काटा आहे का बघ.
मग बराच वेळ फोन हातात धरून बसले,
आणि पुन्हा लिहिलं:
नसला तरी
आजची रात्र राहू दे त्याला आत,
देदा. बाहेर फार गारठा दिसतोय.