नदीत गेलेले

जमाखर्चाच्या वहीत मी एक रकाना ठेवलाय:
नदीत गेलेले.
ऑक्टोबरपासून चार.
विश्वामित्रीत चेंडू गेला की आम्ही त्याला नमस्कार करतो,
आणायला जात नाही.
काठावर मगर ऊन खात पडलेली असते,
तिच्यामागे म्युनिसिपालिटीचा बोर्ड,
बोर्डावरचं चित्र तिच्याहून भीतिदायक.

मी खजिनदार. म्हणजे चुना मीच आणतो,
रेषा मीच आखतो, पंचांचा चहा माझ्या खात्यावर.
उदयसिंह शिर्के आमचे मॅनेजर.
जिल्ह्याची दुसरी डिव्हिजन. तिसरी नाहीच,
तेव्हा आपण खाली घसरू शकत नाही,
असं ते प्रत्येक हारीनंतर सांगतात
आणि पोरं प्रत्येक वेळी हसतात.

शिर्के कलकत्त्याला होते. सहा मोसम.
रावपुऱ्यात हे पानवाल्याला ठाऊक, पोस्टातल्या बाईंना ठाऊक,
त्यांच्या डाव्या गुडघ्याला तर जिन्यावर रोज आठवतं.
एक फोटो आहे: मागची रांग, उजवीकडून दुसरे,
भरघोस कल्ले, दंडावर काळी फीत,
कुणासाठी, ते आता सांगता येत नाही.
परतल्यावर प्रतापनगरच्या रेल्वे स्टोअरात
चोवीस वर्षं नटबोल्ट मोजले.
आता पेन्शन, आणि आम्ही.

त्या रविवारी छाणीशी मॅच.
एक-एक. एकाहत्तरावं मिनिट.
नरेश राठवा, जो छोटाउदेपूरहून पहाटेच्या एसटीनं येतो
आणि बूट खताच्या पिशवीत आणतो,
त्यानं असा फटका हाणला की
बार, कुंपण, बाभळीची फांदी,
पाणी.
पाचवा.
लिहिण्याआधी मी थैला चाचपला. रिकामा.
छाणीवाल्यांनी हात झटकले: यजमान तुम्ही.
पंचांनी घड्याळ थांबवलं आणि बूट काढून बसले.

शिर्क्यांच्या खिशातले सातशे देऊन
रोनक मॅकवानला स्कूटरवर न्यायमंदिराकडे पिटाळलं.
उरलेली पोरं, दोन मॅनेजर, सगळे कुंपणाशी.
चेंडू मगरीपासून हातभर अंतरावर डुलत होता.
तिनं एकदा तोंड उघडलं. मिटलं.
"हिला पोझिशन कळते," शिर्के म्हणाले,
"उगाच बॉलमागे धावत नाही."

चाळीस मिनिटांनी नवा बॉल आला, वांग्यासारखा मऊ.
पंप होता. सुई कुणाकडे नव्हती.
शिर्क्यांनी शर्टाच्या खिशातलं पेन काढलं,
टोपणातून सुई,
जिभेवर ओली केली आणि न बघता आत सारली,
जसं अंधारात कुणी स्वतःच्या घराचं कुलूप उघडतं.
भरपूर दाबलं. अंगठा रोवून पाहिला. अजून दोनदा.

"सर, हे कुठं शिकलात?" राठवानं विचारलं.
"कलकत्त्याला."
मग, कुणी काही विचारलेलं नसताना:
"सहा मोसमांत अकरा मॅचेस खेळलो.
त्यातल्या चारमध्ये शेवटची पाच-सात मिनिटं.
बाकी बाकावर. मॅचचे बॉल बाकावरच्यांनीच भरायचे.
अख्खं मैदान ज्याच्यासाठी बोंबलायचं ना,
त्यातली हवा माझी."
फुशारकी नव्हती. दुःखही नसावं.
स्टोअरातला माल मोजून दाखवावा तसं.
मॅकवान बुटाची नाडी बांधायला वाकला.
बांधलेलीच होती.

आम्ही हरलो, दोन-एक, शेवटच्या मिनिटाला.
गोल मात्र देखणा. बॉल हवेत असा वळला
की शिर्क्यांची एक टाळी निघून गेली,
दुसरी त्यांनी आवरली.
सेव-उसळ खाताना मी वही उघडली:
सातशे कुणाच्या नावावर?
"माझ्या नको. पोराच्या तर नकोच.
नदीच्या नावावर टाका, ती कुठं पळून जातेय."

सोमवारी बँकेत जाताना पुलावर स्कूटर थांबवली.
पाचवा तिथंच होता, गाळात अर्धा, टणक.
पलीकडे आणखी एक, शेवाळलेला, बहुधा तिसरा.
वहीत त्यापुढे पेन्सिलनं खूण केली.
मगर कुठं होती, ते दिसलं नाही.